ध्रुवीय रात्रीचं मॉडेल: बल्ब आणि गोल वापरून अंधाराची कड चुकीच्या जागी का पडते?

विज्ञानताई_सिडको

नववीच्या मुलींचा गट जानेवारीतल्या तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी ‘उत्तरेकडचे दिवस आणि रात्री’ हा विषय करतोय. नाशिक (२० अंश उत्तर) आणि नॉर्वेतलं ट्रॉम्सो (६९.६५ अंश उत्तर) या दोन जागा शेजारी शेजारी दाखवायच्या आहेत. ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही आणि १८ मे ते २६ जुलै मावळत नाही, तर नाशिकला वर्षभर दिवस अकरा ते साडेतेरा तासांतच राहतो. हा फरक गोलावर मोजून दाखवता यायला हवा.

सामान असं: शाळेतला ८ इंची पृथ्वीगोल, ९ वॅटचा दुधी एलईडी बल्ब, तीन बाय दोन फुटांचं टेबल. गोलाचं केंद्र बल्बपासून ४५ सेंमीवर आहे. २१ डिसेंबरची स्थिती लावली की अंधाराची टोपी आर्क्टिक वृत्तापाशी थांबायला हवी, पण ती पार मॉस्को-कोपनहेगनपर्यंत खाली येते. नाशिकचा दिवस मोजला तर नऊ तासांच्या आतच भरतो. अक्षाचा कल साडेतेवीस अंशच आहे, तो तपासला.

शिवाय प्रदर्शनाच्या हॉलला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, अंधार करता येणार नाही. हजार-बाराशेच्या आत काय करता येईल? परीक्षक मोजमापावर बोट ठेवतात, त्यामुळे नुसतं ‘दिसायला छान’ नको.

अंशकला

ताई, कल बरोबर आहे, बल्ब जवळ आहे. सूर्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात, म्हणून पृथ्वीचा बरोबर अर्धा भाग उजळतो. ४५ सेंमीवरच्या बल्बचे किरण फाकत येतात आणि गोलाचा अर्ध्यापेक्षा कमी भाग उजळतो.

किती कमी, हे मुलींनाच काढू द्या. गोलाची त्रिज्या भागिले बल्बचं केंद्रापासूनचं अंतर, आणि येणाऱ्या संख्येचा उलटा साइन. १० भागिले ४५ म्हणजे ०.२२२, त्याचा कोन १२.८ अंश. म्हणजे उजेडाची कड चहूबाजूंनी १२.८ अंश अलीकडेच संपते. आर्क्टिक वृत्त ६६.५६ अंशांवर; त्यातून १२.८ गेले की उरतात ५३.७. मॉस्को आणि कोपनहेगन दोन्ही साधारण ५५.७ अंशांवर आहेत, म्हणून ती अंधारात गेली. याच हिशेबाने नाशिकचा २१ डिसेंबरचा दिवस पावणेनऊ तासांचा येतो. खरा आहे १० तास ५५ मिनिटं. तुमचं मोजमाप चोख आहे, मांडणीच तसं उत्तर देते.

ही चूक एका अंशावर आणायची तर दिवा त्रिज्येच्या ५७ पट लांब हवा. ८ इंची गोलाला पावणेसहा मीटर! ९ वॅटचा दुधी बल्ब तिथून काही दाखवणार नाही. दुधी बल्बला आणखी एक खोड आहे: तो बिंदू नाही, सहा सेंमीचा फुगा आहे. त्याच्या प्रत्येक भागाची कड वेगळ्या जागी पडते आणि ४५ सेंमीवर आठेक अंशांचा धुरकट पट्टा तयार होतो. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या अवघं ३.१ अंश उत्तरेला. त्या पट्ट्यात ते हरवूनच जाणार.

दिवाच हवा असेल तर शाळेतला प्रोजेक्टर चार मीटरवर ठेवा, काळ्या स्लाइडवर पांढरं वर्तुळ टाका आणि ते गोलापेक्षा थोडं मोठं पडेल असं बघा. चूक दीड अंशाच्या आत येते आणि कड धारदार पडते. भिंगाचा मधला बिंदू आणि गोलाचं केंद्र एकाच उंचीवर हवेत. ४५ सेंमीवरचा बल्ब ३ सेंमी जरी वर असला तरी किरण ३.८ अंश तिरके येतात, म्हणजे मॉडेलमधला महिनाच बदलतो.

एक चूक या मॉडेलमध्ये हटकून होते. मुलं गोल दिव्याभोवती फिरवताना स्टँडही वळवतात, आणि उत्तर ध्रुव सतत दिव्याकडेच झुकलेला राहतो. मग वर्षभर जून. अक्षाचं टोक हॉलच्या एकाच भिंतीकडे राहिलं पाहिजे, गोल टेबलाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो. टेबलावर चार बाण रंगवून ठेवले, चारही एकाच दिशेचे, की हा घोळ होत नाही.

सातपूर_टूलरूम

खिडक्यांच्या हॉलमध्ये दिवा चालणार नाही, प्रोजेक्टरही नाही. दिवा काढूनच टाका. उजेड आणि अंधार यांची सीमा ही भूमितीची गोष्ट आहे, ती सनबोर्डच्या पडद्यानं दाखवता येते. पडद्याच्या पुढे दिवस, मागे रात्र. गोल पडद्याच्या अर्धवर्तुळाकार कमानीत बसतो, स्वतःभोवती फिरतो आणि पुढेमागे झुकतो. झुकाव म्हणजे महिना.

झुकताना गोलाचं केंद्र जागचं हलता कामा नये, सगळी मेख इथे आहे. दांडी खाली पायाशी बिजागरीवर ठेवली तर गोल झुकतानाच पुढे सरकतो आणि सगळे आकडे बिघडतात. म्हणून गोल झोपाळ्यासारखा टांगायचा: दोन खांब, त्यांच्यात केंद्राच्या उंचीवर दोन स्क्रू, त्या स्क्रूंवर लटकणारी यू आकाराची पट्टी, आणि पट्टीच्या तळाशी गोलाची दांडी.

मापं ८ इंची गोलासाठी देतो. आधी टेपनं विषुववृत्तावर घेर मोजा, ६३-६४ सेंमी भरेल. वेगळा भरला तर त्याच प्रमाणात बदला.

पाया: १८ मिमी प्लायवूड, ४०० बाय ३०० मिमी.

खांब: दोन, लाकडी, ४० बाय २५ मिमीचे, उंची २४५. आतल्या बाजूंमधलं अंतर २५० मिमी. पायापासून २२० मिमीवर स्क्रूची भोकं. दोन्ही खांब एकत्र क्लॅम्प करून एकदमच ड्रिल मारा, नाहीतर एक भोक वर, एक खाली होतं आणि झोपाळा तिरका बसतो.

झोपाळा: २० बाय ३ मिमी ॲल्युमिनियम पट्टी, साधारण ६०० मिमी. मध्ये २४४ मिमी सोडून दोन्ही बाजू काटकोनात वाकवा. स्क्रूच्या मध्यापासून तळपट्टीपर्यंत १७० मिमी. स्क्रू एम-५, आत १० मिमीपेक्षा जास्त बाहेर येऊ देऊ नका, गोलाला घासतील.

दांडी: ८ मिमीची गोल लाकडी काठी. गोल मूळ स्टँडवरून काढा, दक्षिण ध्रुवाचं भोक ८ मिमी करा आणि काठी आतून उत्तर ध्रुवापर्यंत न्या. काठीचं टोक पेन्सिलीसारखं तासून उत्तरेच्या भोकात अडकवा, पण बाहेर डोकावू देऊ नका. मार्च-सप्टेंबरच्या स्थितीत उत्तर ध्रुव बरोबर कमानीखालून जातो, तिथे टोक अडतं. दक्षिणेला एम-सील भरून रात्रभर वाळू द्या. खाली ७५ मिमी काठी बाहेर ठेवा, ती तळपट्टीच्या भोकात सैल फिरली पाहिजे. वर एक वॉशर, खाली एक खिळा आडवा, म्हणजे निसटत नाही.

तासांची चकती: जाड पुठ्ठा, व्यास १२० मिमी, १५ अंशांवर एक अशा २४ खुणा. ती काठीवर घट्ट बसवा, म्हणजे गोलाबरोबर फिरेल. तळपट्टीवर एक स्थिर काटा.

पडदा: ५ मिमी सनबोर्ड, ६०० बाय ३०० मिमी. खालच्या कडेला मधोमध कमान कापा, त्रिज्या गोलाच्या त्रिज्येपेक्षा ३ मिमी जास्त. खांबांच्या डोक्यावर करवतीनं १५ मिमी खोल खाच पाडून पडदा त्यात उभा करा. त्यामुळे पडद्याची खालची कड केंद्रापेक्षा १० मिमी वर राहते, म्हणून कमान कापताना वर्तुळाचं केंद्र सनबोर्डच्या कडेखाली १० मिमीवर धरा. अर्धं वर्तुळ पूर्ण होत नाही, पण २० अंशांच्या उत्तरेच्या सगळ्या जागा त्याच्या वरच्याच भागातून जातात. पुढची बाजू पिवळी, मागची काळी. कापण्याचा कटर नवं पातं घालूनच वापरा. जुन्या पात्यानं सनबोर्डची कड फाटते आणि तीच तर आपली मोजायची रेघ आहे.

आता खरी बारीक गोष्ट. पडद्याची पुढची बाजू केंद्राच्या प्रतलात बसवू नका, रात्रीच्या बाजूला दीड मिमी मागे बसवा. हवेतल्या वक्रीभवनामुळे सूर्य क्षितिजापाशी ३४ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेला दिसतो, आणि सूर्योदय आपण त्याची वरची कड दिसली की धरतो, त्या आणखी १६ कला. एकूण ५० कला, म्हणजे ०.८३ अंश. या गोलावर एक अंश पावणेदोन मिमीचा, म्हणून दीड मिमी. परीक्षकांनी ‘२१ मार्चला दिवस-रात्र समान असतात ना?’ असं विचारलं, तर या दीड मिमीमुळे मुली सांगू शकतील की नाशिकला त्या दिवशी दिवस १२ तास ७ मिनिटांचा असतो, ट्रॉम्सोला १२ तास २० मिनिटांचा.

महिन्यांसाठी एका स्क्रूशी कोनमापक चिकटवा आणि झोपाळ्याला काटा लावा. सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला (अधिक) किंवा दक्षिणेला (उणे) आहे ते, अशी: २१ जून अधिक २३.४, २१ मे आणि २१ जुलै सुमारे अधिक २०, २१ एप्रिल आणि २१ ऑगस्ट अधिक १२, २१ मार्च आणि २३ सप्टेंबर शून्य, २१ फेब्रुवारी आणि २१ ऑक्टोबर उणे १०.७, २१ जानेवारी आणि २१ नोव्हेंबर उणे २०, २१ डिसेंबर उणे २३.४. जूनमध्ये उत्तर ध्रुव पिवळ्या बाजूला झुकायला हवा, म्हणजे झोपाळ्याचा तळ काळ्या बाजूला जातो. खुणा इथे हमखास उलट्या होतात.

वापरायची रीत: जागेवर लाल टाचणी. वरून बघताना गोल घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. टाचणी काळ्यातून पिवळ्यात आली की चकतीचा आकडा वाचा, पुन्हा काळ्यात शिरली की पुन्हा वाचा. वजाबाकी म्हणजे दिवसमान. पाव तासापर्यंत अचूक येतं.

तपासणी नाशिकवरच करा. २१ डिसेंबरला अकरा तासांना पाच मिनिटं कमी, २१ जूनला १३ तास २० मिनिटं. दोन्ही तारखांना पाव तासाहून जास्त फरक पडला तर गोल पुढे किंवा मागे सरकलेला आहे. ५ मिमी पिवळ्या बाजूला सरकला तर नाशिकचा दिवस अर्ध्या तासानं फुगतो, आणि ट्रॉम्सोला चक्क डिसेंबरात सूर्य उगवतो. खांबांच्या खाचेत पडद्याच्या पुढे किंवा मागे पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवून पडदा जागेवर आणा.

विज्ञानताई_सिडको

पडद्याची कल्पना फार आवडली, हेच करतो. दोन गोष्टी अजून हव्यात. एक, परीक्षक नक्की विचारतील की तिथले लोक दीड-दोन महिने मिट्ट काळोखात राहतात का. दुसरं, ‘सहा महिने दिवस, सहा महिने रात्र’ हे पाठ झालेलं वाक्य मुलींच्या तोंडून जातच नाही.

उत्तररात्र

ताई, ते वाक्य फक्त एका बिंदूपुरतं खरं आहे: खुद्द ध्रुव. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत मेरूवरच्या देवांचा दिवस सहा महिन्यांचा सांगितला आहे तो मेरू म्हणजे ध्रुवच, आणि तिथे हिशेब अगदी बरोबर आहे. उत्तर ध्रुवावर सूर्य मार्चच्या विषुवदिनाच्या एक-दोन दिवस आधी वर येतो आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर एक-दोन दिवसांनी जातो. ध्रुवापासून दक्षिणेला निघालं की ही लांबलचक रात्र भराभर आखूड होते. मुलींना चार टाचण्या लावायला सांगा, वाक्य आपोआप सुटेल.

पहिली हिमाद्री. हे आपलं, भारताचं संशोधन केंद्र. स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंड इथे, ७८.९ अंश उत्तरेला, २००८ पासून. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य नाही, साधारण पावणेचार महिने. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिथे गेली ती याच अंधारात. दुसरी ट्रॉम्सो: २८ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य जातो, १५ जानेवारीच्या सुमारास येतो, सात आठवडे. तिसरी फिनलंडमधलं रोव्हानिएमी, ६६.५ अंश, आर्क्टिक वृत्ताला टेकलेलं. तिथे २१ डिसेंबरलाही सूर्य सव्वादोन तास क्षितिजावर रांगतो. वर सांगितलेल्या ५० कलांची ही किमया. त्या कलांमुळेच सूर्य अजिबात न उगवणारा दिवस ६७.४ अंशांच्या उत्तरेलाच मिळतो, पण मध्यरात्रीचा सूर्य मात्र ६५.७ अंशांपासूनच दिसायला लागतो. उत्तर टोकाला एकूण उजेडाचं पारडं जड आहे. चौथी टाचणी नाशिक.

आता काळोख. सूर्य क्षितिजाखाली गेला म्हणजे अंधार पडला असं नाही, किती खाली गेला ते महत्त्वाचं. सहा अंशांपर्यंत संधिप्रकाश इतका असतो की बाहेर दिव्याविना वावरता येतं. सहा ते बारा अंशांत क्षितिजाची रेघ आणि ठळक तारे एकत्र दिसतात. बारा ते अठरात आकाश जवळजवळ काळं, आणि अठराखाली पूर्ण रात्र. नाशिकला सूर्य जवळजवळ उभाच खाली उतरतो, म्हणून हे अठरा अंश सव्वा तासात संपतात. ट्रॉम्सोला सूर्य क्षितिजाला घासत तिरका सरकतो, आणि तोच संधिप्रकाश कित्येक तास रेंगाळतो.

२१ डिसेंबरला भर दुपारी ट्रॉम्सोत सूर्य किती खाली असतो? ९० वजा ६९.६५ वजा २३.४४, म्हणजे उणे ३.१ अंश. सहाच्या बराच अलीकडे. त्या दिवशी तिथे जवळपास चार तास वीस मिनिटं संधिप्रकाश असतो: दक्षिणेकडे क्षितिजावर गुलाबी-केशरी पट्टा, वर गडद निळं आकाश, आणि बर्फामुळे तो निळा उजेड जमिनीवरही पसरलेला. मिट्ट काळोख नव्हे. हिमाद्रीला तेच गणित उणे १२.४ देतं; तिथे दुपारी बारालाही हेडलॅम्प लागतो. मात्र डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या आसपास तिथला चंद्र सलग काही दिवस मावळत नाही, नुसता गोल फिरत राहतो, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणजे आकाशात उत्तरेकडे असतो. सूर्य नसलेल्या आकाशात चंद्र न मावळणं, हे मुलींना गोलावर दाखवता आलं तर परीक्षक तिथेच थांबतील.

मॉडेलमध्ये संधिप्रकाश दाखवायला पडद्याच्या मागे तीन तारेच्या कमानी लावा, फिकट निळी, गडद निळी, काळी. केंद्राच्या प्रतलापासून त्या १०.५, २१ आणि ३१ मिमी मागे येतील. मागे गेलं की गोल निमुळता होतो, म्हणून त्यांच्या त्रिज्याही कमी होत जातात: गोलाच्या त्रिज्येच्या ९९.५, ९७.८ आणि ९५.१ टक्के, अधिक ३ मिमी मोकळीक. डिसेंबरच्या स्थितीत ट्रॉम्सोची टाचणी दुपारी पडदा आणि पहिल्या तारेच्या मध्ये येऊन परत जाते. हिमाद्रीची टाचणी दुसऱ्या तारेपर्यंत पोचतच नाही.

दिवस वाढण्याचा वेग हा तक्ता वेगळा करा, तो फार बोलका आहे. नाशिकला २१ जानेवारीला दिवस ११ तास ७ मिनिटांचा, २१ एप्रिलला १२ तास ४२ मिनिटांचा. तीन महिन्यांत दीड तास. ट्रॉम्सोला याच काळात २१ जानेवारीला पावणेतीन तास, २१ फेब्रुवारीला सव्वाआठ, २१ मार्चला १२ तास २० मिनिटं, आणि २१ एप्रिलला जवळपास सतरा तास. मार्चमध्ये नाशिकचा दिवस रोज जेमतेम सव्वा मिनिटानं वाढतो, तिथला साडेआठ-नऊ मिनिटांनी, आठवड्यात तासभर. गणित सोपं आहे, नववीला झेपेल: अक्षांशाचा टॅन गुणिले ०.३९५ गुणिले ८, उत्तर मिनिटांत. ०.३९५ हा मार्चमधला सूर्याच्या क्रांतीचा रोजचा फरक, अंशांत.

प्रदर्शन जानेवारीत आहे म्हणून एक खास गोष्ट. ट्रॉम्सोला गणितानं सूर्य परततो तो १५ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे आपल्या मकर संक्रांतीला. हा निव्वळ योगायोग. उत्तरायण खगोलीयदृष्ट्या २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं आणि संक्रांत अयनचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरत असल्यानं) पुढे सरकली आहे. पण लक्षात राहायला याहून चांगली तारीख नाही. शहराच्या दक्षिणेला डोंगर असल्यानं प्रत्यक्ष सूर्यबिंब दिसायला २१ जानेवारी उजाडते. तो दिवस तिथे सूर्याचा दिवस म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी जॅम भरलेले गोल तळलेले बन खातात.

माणसांवरच्या परिणामाबद्दल विचारलं तर एवढं पुरे: शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, म्हणून हिवाळ्यात सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायचा उपाय वापरतात. उन्हाळ्यात उलट, झोपण्याच्या खोलीला पूर्ण काळोख करणारे पडदे. सूर्य इतका कलता असतो की हिवाळ्यात ऊन असलं तरी ड जीवनसत्त्व तयार होत नाही. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा चमचा तिथे पूर्वापार आहे.

मखमलाबाद

सगळं उत्तम. पण शाळेच्या अंगणात याहून अचूक दिवा फुकट आहे, तोही वापरा. प्रदर्शनाआधीच्या आठवड्यात एक दिवस पुरतो.

दुसरा पृथ्वीगोल घ्या, स्टँडवरून काढलेला. डोक्यावर हंडा ठेवायला वापरतात ती कापडी चुंबळ टेबलावर ठेवून त्यावर गोल बसवा, म्हणजे हवा तसा वळतो आणि तसाच राहतो. नाशिक बरोबर माथ्यावर आणा. मग नाशिकला तसंच धरून गोल असा वळवा की उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे येईल; तो क्षितिजापासून वीस अंश वर दिसेल. झालं. आता तुमचा गोल आणि खरी पृथ्वी अवकाशात एकाच पवित्र्यात आहेत. गोलावर जिथे ऊन पडलंय तिथे या क्षणी खरोखर दिवस आहे.

बरोबर बसलाय का हे असं तपासा: नाशिकवर आगपेटीची काडी उभी चिकटवा, टेबलावर पेन्सिल उभी करा. दोन्ही सावल्या समांतर आणि प्रमाणात हव्यात. नसतील तर नाशिक माथ्यावरून ढळलेलं आहे.

उत्तर दिशा शोधताना दोन चुका होतात. मोबाइलचा होकायंत्र लोखंडी टेबलावर ठेवला की तो भलतंच सांगतो. नाशिकला चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा लोखंडापासून दूर असेल तर साधं होकायंत्र पुरतं. दुसरी चूक, बारा वाजताच्या सावलीवर विश्वास ठेवणं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, नाशिक ७३.८ वर. फरक ८.७ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटं. त्यात जानेवारीच्या मध्यात आणखी ९ मिनिटं मिळवा. काठीची सावली सर्वांत आखूड आणि नेमकी उत्तरेकडे असते ती १२ वाजून ४४ मिनिटांनी.

मग सकाळी ९ पासून दर तासाला पुसता येणाऱ्या पेनानं उजेडाची कड गोलावर रेखा. गोल अजिबात हलवायचा नाही, सूर्यच फिरतोय. चार-पाच रेघा झाल्या की दिसेल, सगळ्या रेघा उत्तरेकडे एकाच अदृश्य वर्तुळाला स्पर्श करून वळतात आणि कुणीही त्याच्या आत शिरत नाही. ते वर्तुळ ९० वजा सूर्याची क्रांती (उणे चिन्ह सोडून) इतक्या अक्षांशावर असतं. १५ जानेवारीला ते ६९ अंशांच्या जवळ असतं, म्हणजे ट्रॉम्सोच्या अगदी दाराशी.

ट्रॉम्सोची दुपार आपल्याकडे ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होते. ती रेघ चुकवू नका. त्या वेळी नाशिकला सूर्य पश्चिमेला बराच खाली असतो, म्हणून टेबल कंपाउंडच्या भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, पश्चिम मोकळी असेल अशा जागी सकाळीच मांडा.

कड धूसर दिसते, कारण काठावर ऊन इतकं तिरकं पडतं की फिकट होत होत संपतं, आणि आकाशाचा उजेड सावलीतही पडतो. डोळ्यानं रेघ मारली तर ती दोन-तीन अंश दिवसाच्या बाजूला पडते. उपाय असा की बोर्डपिन उलटी, टोक वर करून गोलावर सरकवत न्या. जिथवर टोकाची लांब सावली पुढे पडताना दिसते तिथवर ऊन आहे. सावली दिसेनाशी झाली त्याच जागी खूण करा. अशा सात-आठ खुणा जोडून रेघ काढा. चकचकीत प्लास्टिकच्या गोलावर पांढरी भिंत परावर्तित होते, तेव्हा रात्रीच्या बाजूला काळं कापड धरायला एक मुलगी ठेवा.

हा रेघा मारलेला गोल तसाच प्रदर्शनात न्या आणि टूलरूमवाल्या दादांच्या मॉडेलशेजारी ठेवा. झोपाळा त्याच तारखेच्या क्रांतीवर लावला की पडद्याची कमान आणि रेघांचं वर्तुळ एकाच अक्षांशावर यायला हवं. पडदा दीड मिमी मागे असल्यानं कमान पाऊण-एक अंश उत्तरेला दिसेल, तेवढा फरक धरून चला.